श्रावण आणि पुरट्टासीमधला रविवार

काल पुरट्टासी संपला, आज ऐप्पसीचा पहिला दिवस. हे कळायला मला कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी आठलाच कोपऱ्यावरच्या मासळीवाल्यापुढे स्कूटरी उभ्या राहतात, शेजारच्या घरातून आलं-लसूण वाटल्याचा वास येतो, आणि महिनाभर मुकाट्याने ताकभात जेवलेले लोक रस्त्यात भेटले की एकमेकांच्या पिशवीत डोकावतात. पुरट्टासी हा तमिळ वर्षातला पेरुमाळचा, म्हणजे विष्णूचा महिना. सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या मध्यावर संपतो. तेवढे दिवस तंजावरातल्या निम्म्याहून अधिक घरांत मासमच्छी बंद. त्यामुळे ऐप्पसीच्या पहिल्या दिवशी गावाला जी भूक लागते, ती दिवाळीच्या फराळालाही लागत नाही.

मी मात्र सकाळपासून मुलांच्या हिंदीच्या वह्या घेऊन बसले होते. घरी शिकवणी घेते. एकेका वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाईने इतकी तुटून पडले, की त्या बिचाऱ्यांना वाटेल बाईंचं काहीतरी बिघडलंय. तीन वर्षं झाली, हा दिवस मी असाच कशात तरी बुडवून टाकते.

मी मूळची रत्नागिरीची. लग्न होऊन तंजावरला आले तेव्हा माहेरच्यांना वाटलं, पोरीचं आता मासळीचं सुख संपलं. स्थळ मराठी, घर मराठ्यांचं, पण तीनशे वर्षं तमिळ मुलखात मुरलेलं. इथे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना अत्तै. अत्तैंच्या माहेरी कोणीच मासळीला शिवत नसे, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. माझा नवरा आईच्या वळणावर गेलेला. मासळीबाजारावरून जाताना श्वास रोखून धरतो. राहता राहिले मामा.

मामा ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. रोज बसने जायचे-यायचे. त्या रस्त्यावर कालव्याच्या पुलाशेजारी पत्र्याच्या छपराचं एक कडै, म्हणजे साधंसं खाणावळवजा दुकान आहे. सहा टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि दर्शनी भागातच बैलगाडीच्या चाकाएवढा लोखंडी तवा. मामांनी नोकरीची तीस वर्षं त्या तव्याच्या आधाराने काढली, असं अत्तै म्हणायच्या. घरात मासा नाही आणला तो नाहीच आणला. आठवड्यातून एकदा तिथे उतरायचं, दोन तुकडे खायचे, कालव्याच्या पाण्याने हात-तोंड धुवायचं आणि पुढच्या बसने शहाण्यासारखं घरी यायचं.

लग्नाला महिना झाला असेल. एका रविवारी मामा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. इकडे मुलीबाळींशी, सुनेशी मायेने बोलताना वाक्याच्या शेवटी 'मा' जोडतात. तसं ते म्हणाले, "रत्नागिरीची मुलगी महिनाभर सांबार जेवते, हें पाहवत नाहीं मा. चल."

मी अत्तैंकडे पाहिलं. त्या फुलं गुंफत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा की. येतांना बाहेरच पाय धुवा म्हणजे झालें."

त्या दिवशी केळीच्या पानावर वंजरमचा तुकडा आला. वंजरम म्हणजे आपली सुरमई. तळव्याएवढी चकती, वरून लालभडक, कडेला कढीपत्ता कुरकुरीत झालेला, बाजूला चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड. मी माहेरच्या तोऱ्यात म्हटलं, "याला कोकमाचा हात नाही लावला? रव्यात नाही घोळवला?" मामा मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवत होते. मासा खायच्या आधी ते घड्याळ काढायचे. मासळीसमोर वेळ पाहू नये, असं त्यांचं म्हणणं. गंभीरपणे म्हणाले, "आमच्या पूर्वजांना इकडे राज्य मिळालें मा, कोकम मिळालें नाहीं. आतां तूंच सांग, कोणाचें चुकलें?"

मी इतकी हसले की मिरची नाकात गेली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तव्यावरचा माणूस घाबरून ताक घेऊन आला. मामा त्याला तमिळमध्ये सांगत होते, "काही नाही, समुद्राकाठची आहे, तिला पाण्याची सवय आहे."

मग ते आमचं ठरूनच गेलं. महिन्यातून दोन रविवार. पोटात पहिलं बाळ असताना मला वासाने मळमळायचं, तर मामा एकटे जाऊन नुसता कांदा-लिंबू खाऊन आले. खोटं वाटेल, पण मी स्वतः त्या दुकानदाराकडून ऐकलंय. मामांना डोक्याकडचा तुकडा आवडायचा, मला शेपटीकडचा. भात नंतर, आधी नुसता मासा. बोलायचं कमी. पानावर फक्त मधला काटा उरला की मग मामा खुर्चीला टेकायचे आणि ओरत्तनाडूच्या कचेरीतल्या कुठल्यातरी हेडक्लार्कची गोष्ट काढायचे. ते माझ्याशी जितकं बोलले तितकं स्वतःच्या मुलाशी बोलले नसतील. मीही माझ्या वडिलांशी तेवढी बोलले नव्हते.

पहिल्याच वर्षी एक गंमत झाली होती. श्रावण आला. आमच्याकडे श्रावण कडक. मी मामांना म्हटलं, मी महिनाभर खाणार नाही, तुम्ही जाऊन या. इथल्या मराठी घरांत श्रावण माहीत आहे, पण मासळी सोडायची ती पुरट्टासीत, अशी यांच्या घरची रीत. मामा गेले नाहीत. म्हणाले, "खाणारे घरांत दोघेंच. त्यांत एक उपाशी, तर दुसऱ्याला रुचतें कसें?" मग पुरट्टासी आला, तेव्हा तेच वाक्य मी त्यांना ऐकवलं. तेव्हापासून आमच्या दोघांचे दोन महिने बंद व्हायला लागले, एक माझा, एक त्यांचा. नवरा म्हणायचा, हे दोघं मिळून एक दिवस चातुर्मासच सुरू करतील. पण या दोन महिन्यांच्या मधे दोन-तीन आठवडे मोकळे मिळत, आणि त्या आठवड्यांत आम्ही दोघं असं काही खायचो की तव्यावरचा माणूस लांबूनच आम्हाला बघून हसायचा.

आणि मग ते वर्ष आलं.

जुलैच्या सुरुवातीला मामांच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं पित्त. मग तपासण्या, मोठ्या डॉक्टरांकडे फेऱ्या, एक पातळ फाइल जाड होत गेली. गाठ आहे म्हणाले. औषधं सुरू केली, बघू म्हणाले. त्या 'बघू'ला धरून मी बसले.

त्याच वर्षी अधिक महिना श्रावणातच आला. म्हणजे आधी अधिक श्रावण, मग खरा श्रावण. मी देवापुढे निरांजन लावलं आणि बोलून गेले की मामांना बरं वाटू दे, मी दोन्ही श्रावण मासळीला हात लावणार नाही. रत्नागिरीहून आईचा फोन आला. म्हणाली, "अगं, अधिकात एवढं कोण पाळतं? निज श्रावण पाळ म्हणजे झालं." मी ऐकलं नाही. मी हट्टी आहे, आणि घाबरलेली असले की जास्तच हट्टी होते. आपण जितकं जास्त सोडू तितकं देव जास्त ऐकेल, असं मला खरंच वाटत होतं. नवस बोलताना एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही. मी माझ्यापुरतं सोडलं असं मला वाटत होतं, पण आमच्या घरात मासळी एकटीने सोडता येत नव्हती. मी सोडली म्हणजे मामांनीही सोडली. ज्या माणसासाठी नवस बोलले, त्याला न विचारता त्याच्याच तोंडचा घास मी देवाला देऊन टाकला होता.

मामांना सांगितलं. "दोन श्रावण?" एवढंच म्हणाले. "तुमच्या पंचांगांत महिने फार मा."

दोन्ही श्रावण पार पडले. ऑगस्टच्या तपासणीत आकडे थोडे बरे आले, डॉक्टर हसून बोलले, आणि माझी खात्री पटली की हे माझ्या नवसाचंच फळ. खरा श्रावण त्या वर्षी इतका पुढे सरकला होता की त्याच्या आणि पुरट्टासीच्या मधे तीनच दिवस उरले. शुक्रवार, शनिवार, रविवार. शुक्रवारी-शनिवारी आमच्याकडे एरवीही खात नाहीत. शुक्रवारी मामांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. माझ्या मुलांची परीक्षा होती, म्हणून मामांबरोबर अत्तै गेल्या. परत आल्या तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले? "पुढच्या बुधवारीं अजून एक रिपोर्ट येणार," म्हणाल्या आणि साडी बदलायला आत गेल्या.

रविवारी सकाळी मी घर धूत होते. दुसऱ्या दिवशी गणपती. स्वयंपाकघर घासून पुसून लख्ख, देव उजळलेले, मोदकाची पिठी वाळत घातलेली. मामा अंघोळ करून बाहेर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, धुतलेली वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर. शर्ट त्यांना फार मोठा व्हायला लागला होता. दाराच्या चौकटीला हात टेकून उभे राहिले.

"काय मा, जाऊं कां आपण?"

कुठे, ते मला कळलं होतं. तरी विचारलं, "कुठे?"

"आज श्रावणही नाहीं, पुरट्टासीही नाहीं. मधें एकच दिवस पडला आहे. देवानेंच मोकळा ठेवला असेल."

माझ्या हातात ओलं फडकं होतं. मी म्हटलं, "मामा, उद्या गणपती. बुधवारी रिपोर्ट. दोन महिने इतकं नीट पाळलंय, आता एका दिवसासाठी कशाला मोडायचं? महिन्याचा तर प्रश्न आहे. ऐप्पसीच्या पहिल्या दिवशी जाऊ. डोक्याकडचे दोन तुकडे तुम्हाला."

मी हे लाडाने म्हटलं की दटावून, हे आता आठवत नाही. लाडानेच म्हटलं असेल, असं मी स्वतःला सांगते. अत्तै मागे नारळ खवत बसल्या होत्या. विळीचा आवाज थांबला होता, एवढं मला आठवतं.

"बरें," मामा म्हणाले.

ते आत गेले. थोड्या वेळाने मी खोली झाडायला गेले तर त्यांनी शर्ट काढून ठेवला होता. बाहेर घालून गेलेच नाहीत, म्हणून इस्त्रीच्या त्याच घड्यांवर परत घडी घालून कपाटात ठेवत होते. कॉलर नीट बसेना, म्हणून दोनदा उलगडून घातली. मी झाडू मारत राहिले.

बुधवारचा रिपोर्ट लांबला, असं अत्तै म्हणाल्या. पुरट्टासीच्या पहिल्या शनिवारी मामांना जेवण जाईनासं झालं. दुसऱ्या शनिवारी हॉस्पिटल. तिथे दिवसातून चार वेळा पातळ कंजी, म्हणजे पेज, द्यायचे, ती मी चमच्याने भरवायची. खिडकीतून पलीकडची शेतं दिसायची, सांबा भाताची रोपं नुकतीच लावलेली. एका दुपारी मामा डोळे मिटूनच म्हणाले, "तो तवा केवढा मोठा, नाहीं?" मी म्हटलं, "अजून बारा दिवस, मामा." ते हसले. म्हणाले, "तुझें गणित चांगलें मा."

माझं गणित चुकलं. ऐप्पसीला नऊ दिवस उरले असताना मामा गेले.

तेराव्या दिवशी ऐप्पसी लागून चार दिवस झाले होते. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानात वाढायचं असतं. अत्तैच माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्या कडैंतून घेऊन ये." ज्या घरात कधी अंडं आलं नव्हतं, त्या घराच्या मागच्या अंगणात वंजरमचा तळलेला तुकडा पानात वाढला गेला, डोक्याकडचा. नवऱ्याने तो उघड्या हाताने वाढला, श्वास रोखला नाही. कावळा लगेच आला. नातेवाईक म्हणाले, बघा, इच्छा काही राहिली नव्हती, आत्मा तृप्त आहे. मला त्या कावळ्याचा इतका राग आला! वाटलं, अरे, थांब की जरा. हात जोडायला लाव मला, तू काय मागतोस ते देईन असं म्हणायला लाव. इतकं सोपं कसं काय सोडून देतोस?

तेव्हापासून मी मासा खाल्ला नाही. कोणी विचारलं तर सांगते, आता आवड राहिली नाही. माहेरी गेले की आई बांगडे आणते, भाजते, मी दही-भात मागते. ती फक्त माझ्यासमोर जास्त वेळ बसते. मला माहीत आहे, लोक म्हणतील एका तुकड्याचं काय एवढं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, भरपूर जगला, भरपूर खाल्लं. मीही दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं. पण एक माणूस कपडे करून माझ्या दारात उभा होता, त्याने आयुष्यात माझ्याकडे एवढंच मागितलं, आणि मी त्याला थांब म्हटलं. हे मी कोणाशी बोललेही नव्हते. आता लिहितेय, कारण या घरात सगळे मराठी बोलतात पण मोठ्यांपैकी देवनागरी मला एकटीलाच वाचता येते, आणि मुलांना माझं घाईचं अक्षर लागत नाही. हे कागद जेवणाच्या टेबलावर पडले तरी कोणी उचलून वाचणार नाही.

तर आज. वह्या संपल्या, अकरा वाजले. अत्तै आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आता त्या चौऱ्याहत्तरच्या आहेत, गुडघे दुखतात, घराबाहेर फारशा पडत नाहीत. बाहेरची साडी नेसल्या होत्या.

"मला त्या कडैला ने," म्हणाल्या.

"कुठे?"

"कडैला. मीं कधीं पाहिलें नाहीं."

ऑटोने गेलो. पाऊस भुरभुरत होता, कालवा भरून चाललेला. आत जागा नव्हती, पण दुकानदाराने मला ओळखलं, कोपऱ्यातलं टेबल पुसून दिलं. अत्तैंनी नाकाला पदर लावला नाही. तव्याकडे बघत राहिल्या. मग तमिळमध्ये स्वतःच सांगितलं, वंजरम एक.

पान आलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. मी म्हटलं, "अत्तै, कशाला आलो आपण इथे?"

"तुला एक सांगायचें आहे. घरांत सांगवलें नाहीं, तीन वर्षें." त्यांनी टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरले. "त्या शुक्रवारीं डाक्टर म्हणाला, आतां औषध लागत नाहीं. पथ्य अवघें सोडा. जें मागतील तें द्या."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "म्हणजे रविवारी... तुम्हाला माहीत होतं? मामांना माहीत होतं?"

"दोघांनाही."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"त्यांनींच नको म्हंटलें. येतांना ऑटोंत म्हणाले, ती पोर माझ्यासाठीं देवाजवळ हट्ट धरून बसली आहे. आतांच कां तिचें मन मोडायचें? होईल तितके दिवस असूं दे."

"मग रविवारी मला विचारलं कशाला?" माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने वळून बघितलं. "सगळं लपवायचं होतं तर कपडे करून दारात का आले?"

अत्तैंचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता.

"मन झालें असेल मा. माणूसच कीं."

मला मामांचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला. एक शब्द बोलायचा होता, मामा. हे शेवटचं आहे मा, एवढं म्हणायचं होतं. मी फडकं तिथेच टाकून अनवाणी निघाले असते. गणपती, नवस, सगळं गेलं असतं चुलीत. तुम्ही मला महिनाभर आशेवर ठेवलंत, आणि तुमच्या वाट्याचा एक रविवार त्यासाठी देऊन टाकलात. कोणी मागितलं होतं तुमच्याकडे? मी इतकी लहान होते का तुमच्या लेखी? असं बरंच काही मनात येऊन गेलं, आणि सगळ्याच्या तळाशी एवढंच होतं की मला ते परत हवेत.

"मीं तरी सांगायला हवें होतें," अत्तै म्हणाल्या. "नारळ खवत बसल्यें. तोंड उघडलें नाहीं. आतां तूं मासा सोडून बसलीस. मीं रोज पाहतें."

त्यांनी पदर खोचला. पान आपल्याकडे ओढलं. पन्नास वर्षांहून जास्त त्या घरात संसार केलेल्या, मासळीला कधी बोट न लावलेल्या माझ्या सासूबाईंनी तो तुकडा दोन्ही हातांनी, पुरणपोळी मोडावी तसा मोडला. मधला काटा कसा काढायचा ते त्यांना माहीत नव्हतं. आधी चुकून उलट्या बाजूने ओढला, मग सापडला, तो पानाच्या कडेला ठेवला. बोटांना मसाला लागला होता. लहानसा घास केला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"खा मा."

मी तोंड उघडलं. मासा ताजा होता, मीठ बरोबर होतं, मिरची तीच. मी चावत राहिले. अत्तै दुसरा घास हातात घेऊन थांबल्या होत्या, आणि मला पहिला काही केल्या गिळवेना.